मुठीचा भाव

गोल्फ खेळणाऱ्याला पैशाची ददात नसते, असा एक समज आपल्या मध्यमवर्गात घट्ट रुजलेला आहे. तो उपटून काढायचा असेल तर येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर जा आणि कुणाही सभासदाला एवढंच विचारा, "काय हो, ग्रिप शेवटच्या कधी बदलल्या?" हातात पन्नास-साठ हजारांचा ड्रायव्हर धरलेला हा गृहस्थ त्याच क्षणी महागाईवर बोलू लागतो.

हिशेब तसा सरळ आहे. पिशवीत जास्तीत जास्त चौदा स्टिक, हा नियम. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने तो 1938 साली केला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्येही तो आला. त्याआधी काही पट्ठे पंचवीस-पंचवीस स्टिक घेऊन हिंडत. अर्थात हिंडत ते, उचलत कॅडी. चांगल्या नावाची रबरी ग्रिप आपल्याकडे हजाराच्या आगेमागे पडते. असे तेरा नग. चौदावा पटर. त्याची ग्रिप हल्ली मनगटाएवढी जाड करायची फॅशन आहे, तिचे दोन-तीन हजार वेगळे. वर नगामागे मजुरी. सगळं मिळून सतरा-अठरा हजारांना फोडणी. आणि ग्रिप बनवणारे सांगतात, वर्षातून एकदा किंवा चाळीस राउंड झाले की बदला. विकणाऱ्याने वारंवार घ्या म्हणावं यात नवल नाही. गंमत अशी की या बाबतीत विकणारा खरं बोलतो आहे.

रबराला घाम सोसत नाही, हाताचं तेल सोसत नाही आणि ऊन तर मुळीच सोसत नाही. आमचे बहुतेक खेळाडू पिशवी गाडीच्या डिकीतच ठेवतात. मे महिन्यात त्या डिकीत पापड वाळतील. दोन वर्षांत ग्रिप चकाकायला लागते, कडक होते, डाव्या अंगठ्याखाली खळगा पडतो. मग ती हातातून निसटू नये म्हणून माणूस आवळून धरतो, दंड ताठ होतात, आणि चेंडू शेजारच्या फेअरवेवर जातो. तिथून परत आल्यावर साहेब काय बदलतात? ड्रायव्हर.

परवा एक साहेब कॅडीशी हुज्जत घालत होते.

"अरे, धोबी तलावला बॅटची ग्रिप शे-दोनशेत बसवून देतात. कोनावर चढवली, सर्रकन खाली, झालं काम."

"साहेब, बॅट एकच असते."

यावर साहेबांनी पाणी प्यायलं.

हे काम एकदा जवळून बघण्यासारखं आहे. स्टिक शिकंज्यात धरायची, तीही रबराच्या तुकड्यात गुंडाळून, नाहीतर शाफ्ट चेपते. जुनी ग्रिप आकड्यासारख्या वळलेल्या पात्याने वरच्यावर चिरायची. खालचा चिकट टेप नखाने, पट्टीने, शिव्यांनी खरवडायचा. नवा दोन्हीकडून चिकटणारा टेप लावून त्याचं टोक शाफ्टच्या पोकळीत दुमडायचं. मग नव्या ग्रिपच्या बुडाला जे बारीक भोक असतं, त्यात गोल्फचीच टी खुपसायची, आत सॉल्व्हंट ओतायचं, तोंड दाबून खळखळवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप आत ढकलायची. एका दमात म्हणजे एकाच दमात. अर्ध्यावर थांबलात तर ती तिथेच बसते, मग देवाचं नाव घ्या आणि नवी ग्रिप आणा. शेवटी स्टिकचं तोंड समोर धरून ग्रिपवरच्या खुणा सरळ रेषेत आणायच्या, आणि सॉल्व्हंट सुकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हे सगळं चौदा वेळा. या कारागिरीचे नगामागे शे-दोनशे मागितले की सभासदांना लूट आठवते. क्लबात त्याच संध्याकाळी सह्या करून जे बिल होतं, त्याची आठवण सहसा कुणाला होत नाही.

म्हणून काही जण हे काम घरीच करायला घेतात. इंटरनेटवर एक माणूस दोन मिनिटांत ग्रिप बदलतो, मग आपण का नाही? शिकंजा येतो, पात्यांचं पाकीट येतं, टेपचं भेंडोळं येतं, सॉल्व्हंटचा डबा येतो, बाल्कनीला पेट्रोल पंपाचा वास येतो. वळलेलं पातं सापडेना म्हणून साधा कटर वापरला जातो. स्टीलच्या शाफ्टला त्याचं काही वाटत नाही. ग्रॅफाइटला वाटतं. त्याच्या धाग्यांवर चिरा पडतात, त्या दिसत नाहीत, आणि एका रविवारी सातव्या होलवर शाफ्ट मधूनच तुटते. मजुरीचे शंभर वाचले, शाफ्टचे हजारो गेले. पण साहेब ते सांगताना "कंपनीचा मालच खराब" असं सांगतात, त्यामुळे घरखर्चात ते धरलं जात नाही.

या सगळ्या प्रकरणाचं मूळ साधं आहे. ड्रायव्हरचं डोकं चारचौघांना दिसतं. त्याला लोकरीची टोपी असते, त्याच्यावर टी-बॉक्सजवळ चर्चा होते, "नवा घेतला वाटतं?" असं कुणीतरी विचारतं. नवी ग्रिप कुणीच बघत नाही, कारण ती मालकाच्या हाताखाली झाकलेली असते. चौदाही स्टिकमध्ये माणसाचा हात जिथे खरोखर लागतो ती एवढीच वस्तू, आणि नेमकी तिच्यावरच काटकसर करायची, असा हा खेळ चाललेला आहे.

तेव्हा सभासद मंडळींना विनंती एवढीच. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश घेऊन ग्रिप घासा, फडक्याने कोरड्या करा आणि पिशवी डिकीतून घरात आणा; ग्रिप जास्त टिकतील. सगळ्या एकदम झेपत नसतील तर रोज वापरात असलेल्या चार-पाच आधी बदलून घ्या. आणि बसवणाऱ्याशी मजुरीवरून घासाघीस करू नका, त्याचे पैसे रोख द्या.