डालड्याचा डबा कोणी नेला?

"काय गं बाई, माझा डालड्याचा डबा दिसला का?"

सकाळी सकाळी वईपलीकडून आक्कांनी विचारलं आणि मी तोंडाला पदर लावला. डबा कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. रात्री गडगडायला लागलं तसं आमच्या ह्यांनी अंधारातच तो उचलला आणि आमच्या एचएमटीच्या धुराड्यावर पालथा घातला. आतलं कोथिंबिरीचं बी माझ्या परातीत ओतून ठेवलं, एवढी अक्कल मात्र दाखवली.

"तो काय, बसलाय मानकऱ्यासारखा," मी बोट केलं.

आक्कांनी टाचा उंचावून पाहिलं. "आमच्या आयशरला असली टोपी कधी लागली नाही हो!"

ट्रॅक्टरवरून आमच्या दोन घरांत चाळीस वर्षं पैज आहे. त्यांच्याकडं आयशर, एका सिलिंडरचा, वाऱ्यावर थंड होणारा. आमचा एचएमटी 2511, दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर, रेडिएटरला बादलीनं पाणी पिणारा. आयशर नाचनवेलच्या रस्त्यानं निघाला की त्याची डुगडुग मालकाच्या आधी पिशोरात पोचायची. ती ऐकून आक्का चहाचं आधण ठेवायच्या. मालक उंबऱ्यात यायला आणि चहा उतू जायला एकच गाठ.

"देशातला पहिला ट्रॅक्टर आमचा," आक्का असं सांगतात, जणू बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती. खोटं नाही म्हणा. 24 एप्रिल 1959ला फरिदाबादच्या कारखान्यातून भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो आयशरच. बेणं जर्मनीचं होतं, हे मी हळूच घालते. मग त्या आमच्याचं कुळ काढतात. माहेर चेकोस्लोव्हाकियाचं झेटॉर, सासर हरियाणातलं पिंजोर, सन 1971. "घड्याळं करणाऱ्यांनी कधी नांगराच्या भानगडीत पडावं का?"

"घड्याळवाल्यांचा म्हणूनच वेळेवर सुरू होतो," माझं ठरलेलं उत्तर. आणि उत्तर दिल्यावर मीच जीभ चावते.

कारण थंडीच्या दिवसांत तो कधी वेळेवर सुरू झाला असेल तर शपथ. बॅटरी नावाला. म्हणून रात्री उतारावर उभा करायचा, चाकाला दगड लावायचा. पहाटे दगड काढायचा, दोन पोरांनी मागून रेटायचं आणि क्लच सोडला की धाडकन धूर! आता उतार कुठं, तर नेमका आक्कांच्या दारापुढं. एकदा पोरानं दगड काढला आणि वर बसायला कुणी नव्हतंच. स्वारी सरळ बाभळीच्या वईत. हल्लीची तारेची वई त्यानंतरची, अर्धा खर्च आमचा.

मागं भाच्यानं मोबाइलवर इंग्लंडातलं काहीबाही दाखवलं. डॉर्सेटकडं 1969पासून जुनी वाफेची इंजिनं, जुने ट्रॅक्टर घासूनपुसून जत्रेत मांडायला लागले. लोक तिकीट काढून बघायचे.

"तिकीट काढून?" आक्कांचे डोळे मोठे झाले. "मग आपण पोळ्याला फुकटात का मिरवतो गं?"

खरंच आहे. दावणीला बैल उरले नाहीत ते पोळ्याला ट्रॅक्टरच सजवतात आणि खंडेनवमीला झेंडूचा हार आहेच. पण आपल्याकडं म्हाताऱ्या ट्रॅक्टरला कुणी नुसतं मिरवत नाही. नांगरट झेपेना तर मळणीयंत्राला जुंपतात, तेही झेपेना तर पाण्याच्या टाकीला. 2013च्या दुष्काळात ह्याच एचएमटीनं गल्लीला पाणी आणलं. तेव्हा पहिली घागर आक्कांची असायची, आणि त्या दिवसांत त्याच्या कुळाचा विषय काही निघाला नाही.

आता दोन्ही ट्रॅक्टरांची मूळ घरं राहिली नाहीत. आयशरचं ट्रॅक्टरचं काम 2005 साली मॅसी ट्रॅक्टरवाल्यांनी घेतलं. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं सरकारनं 2016ला ठरवलं. सुटा भाग पाहिजे तर दुसऱ्या एखाद्या मेलेल्याचा काढून बसवायचा. आक्कांचा आयशर त्यांच्या लेकानं तीन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला दिला, किलोवर. आक्का दिवसभर देवळात जाऊन बसल्या होत्या.

डबा परत द्यावा म्हणून मी तो धुराड्यावरून काढला. बाहेरून झाडाचं चित्र पुसट झालेलं. आत बोट फिरवलं तर बोट काळं झालं. आमचा धूर एका रात्रीतला, आणि तोही बंद इंजिनाचा. एवढा काजळीचा थर काही आमचा नव्हता.

मी आक्कांकडं पाहिलं. त्या तारेवरची ओढणी नीट करायला लागल्या.

"राहू दे त्याच्यावर, पाऊस उघडेस्तोवर," त्या म्हणाल्या. "पाणी गेलं तर इंजिन बसतं. पण ऐक, आतून घासू नको."

दुपारी त्यांचं कोथिंबिरीचं बी मी माझ्या स्टीलच्या डब्यात घालून दिलं, झाकणासकट.