समतेचा पाना

सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप ढिलं होऊ नये म्हणून. ओहायोतल्या डेटनमध्ये सायकलचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी विमान उडवण्याआधी, १९०० साली, अशा पेडलची जाहिरातही केली होती.

पुण्यातल्या एका वातानुकूलित दुकानाने हा जुनाट भेदभाव मोडीत काढला आहे. तिथला कारागीर दोन्ही पेडलं समभावाने उजवीकडेच पिळतो. पंधराचा पाना, पान्याला जोर द्यायला लोखंडी नळी, मग ‘कर्र’. ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे सोलून निघतात आणि त्यांचा चकचकीत कीस फरशीवर पडतो.

निदान तत्काळ होतं. क्रँक बदला. नव्या क्रँकला जुनी चेन शोभत नाही. नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर घसरते. एवढं नवं झाल्यावर जुन्या फ्रेमचा आग्रह कशाला? खरं तर दुकानाने आता ग्राहकही बदलून देण्याची सोय करावी. म्हणजे तक्रारीसुद्धा नव्याकोऱ्या मिळतील.

व्यवहार मात्र चोख. बिलात क्रँक, चेन, फ्रीव्हील, मजुरी असं सगळं ओळीने लिहिलेलं असतं.

पेडल बसवण्याचा एक रुपयाही घेत नाहीत. ती सेवा मोफत आहे.