पायडलाचा पंचनामा

कोल्हापुराहून रत्नागिरीस माझी बदली झाली, तेव्हा संसार हलवण्यासाठी जी मालमोटार ठरली ती वयोवृद्ध आहे ही गोष्ट तिच्या मालकाने मुळीच लपवली नव्हती. उलट "जुनं ते सोनं, सायेब" या एकाच वाक्यात त्याने मोटारीचे वय, तिची योग्यता आणि आपले भाडे या तिन्ही बाबींचा निकाल लावून टाकला होता. मागे कपाट, गाद्या, पाटा-वरवंटा आणि उलट्या टेबलाच्या चार पायांमध्ये स्थानापन्न झालेला क्लीनर. पुढे चालक, आमचे कुटुंब आणि खिडकीकडेला मी, असा हा लवाजमा भल्या पहाटे निघाला.

पन्हाळ्याचा डोंगर डाव्या हाताला दिसू लागला तेव्हा मला इतिहासाचे स्मरण होणे अपरिहार्य होते. १६६० च्या जुलैत, भर पावसात, महाराज याच मुलखातून रातोरात विशाळगडाकडे निघून गेले. त्या पालखीला ब्रेक नव्हता, पण भोई विश्वासाचे होते. आमच्या मोटारीस ब्रेक होता, आणि विश्वासाचा प्रश्न बांबवड्याच्या अलीकडे एक म्हैस रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभी राहीपर्यंत कोणी उपस्थित केला नव्हता. चालकाचा पाय प्रथम थेट फळीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि या दुसऱ्या फेरीत मोटार म्हशीपासून एका शेपटीच्या अंतरावर थांबली.

"हे असे दोनदा का दाबावे लागते?" कुटुंबाने विचारले.

"काय न्हाई वैनी, दोन पंपावर लागतोय आपला ब्रेक. एका पंपावर तर समद्यांचाच लागतोय."

या उत्तरातील अभिमान अस्सल होता. परंतु आंबा गावापुढे रस्ता सह्याद्रीची कड ओलांडून साखरप्याकडे वळणावळणांनी खाली कोसळतो, आणि त्या उतारावर प्रत्येक वळणाशी दोन-दोन पंपांची मुदत मिळेलच असे नाही, हे ध्यानी घेऊन कुटुंबाने मलकापुरास गाडी उभी करण्याचा हुकूम सोडला. तो हुकूम वरिष्ठांचा असल्याने तात्काळ अमलात आला.

मोटार उभी राहिली की तिच्याभोवती तज्ज्ञ जमतात, हा आपल्या मुलखाचा जुना दस्तूर आहे. चहावाल्याने चाकांना हातही न लावता लायनर संपल्याचे जाहीर केले. एस. टी. तून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी दोष चालकाच्या पायात असल्याची साक्ष दिली. तिसरे एक परोपकारी सद्‌गृहस्थ तर इंजिन ऑइलचा डबाच घेऊन आले आणि "तेल ते तेल" या सिद्धान्तानुसार तो ब्रेकच्या टाकीत रिकामा करणार, इतक्यात पलीकडच्या गॅरेजातून मिस्त्री आले व त्यांनी त्यांचे मनगट धरले. खनिज तेल त्या टाकीत पडले असते तर आतली सगळी रबरे फुगून कामातून गेली असती आणि दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या वर गेला असता.

मिस्त्रींनी बोनेटकडे पाहिलेही नाही. ते चालकाच्या जागी बसले, इंजिन चालू ठेवून त्यांनी पायडल दाबले आणि डोळे मिटून स्वस्थ राहिले. एवढ्या मोठ्या जमावात प्रत्यक्ष फिर्यादीची जबानी घेण्याचे सुचलेला हा पहिलाच मनुष्य. दाबून धरलेले पायडल हळूहळू खाली सरकत गेले तर मास्टर सिलिंडरची रबरे झिजलेली असतात किंवा कुठेतरी मोठी गळती असते. दुसऱ्या पंपाला ते वर येऊन टणक लागले, तर ड्रमातले लायनर पट्टे सैल पडलेले असतात. आणि वर येऊनही ओल्या उशीवर पाय दिल्यासारखे लागले, तर नळीत हवा. आमचे पायडल या तिसऱ्या वर्गात मोडले.

पन्हाळ्याहून महाराज निघाले त्या वर्षी फ्रान्सात पास्कल नावाचा पंडित हयात होता, आणि कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो हा त्याचा नियम तेव्हा लिहून तयार होता. आमच्या ब्रेकचा सारा भरवसा या नियमावर. तेल दबत नाही म्हणून पायाचे बळ चाकापर्यंत जाते. हवा मात्र दबते, आणि पायाचे सारे बळ वाटेतच गिळून टाकते.

"हवा वरनं पडत न्हाई, सायेब," असे म्हणून मिस्त्री मोटारीखाली शिरले. डाव्या मागच्या चाकाची आतली बाजू ओली निघाली. ड्रम उतरवला, तेव्हा व्हील सिलिंडरची वाटी फाटलेली, आणि लायनर तेलाने माखलेले. नवे किट बसले, दोन्ही मागच्या चाकांचे लायनर बदलले, आणि मग हवा काढण्याचा मुख्य विधी सुरू झाला. क्लीनर टेबलातच झोपी गेलेला व चालक चहाला गेलेला, सबब पायडलावर माझी नेमणूक झाली. सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ. निपलला पारदर्शक नळी, नळीचे टोक तेलाच्या बाटलीत.

"दाबा! दाबा! धरा! सोडू नगा!"

वरून हुकूम आला की दाबणे आणि दुसरा हुकूम येईपर्यंत न सोडणे हीच माझी इतक्या वर्षांची नोकरी असल्याने, या कामात मी मिस्त्रींची शाबासकी मिळवली. निपल उघडताच बाटलीत बुडबुडे उठत. पाना आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर नळी पुन्हा हवा ओढून घेते. प्रथम आले ते तेल काळ्या चहाच्या रंगाचे होते. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते, आणि घाटात तापलेल्या ड्रमाशी ते उकळले की त्याची वाफही हवेसारखीच दबते. म्हणून चारही चाकांशी स्वच्छ तेल येईपर्यंत मिस्त्रींनी मला पायडलावरून उठू दिले नाही.

दुपारी आम्ही घाट उतरलो, तोही मिस्त्रींच्या ताकिदीप्रमाणे, चढताना जो गियर लागला असता त्याच गियरात. साखरप्याशी पुन्हा एक म्हैस आडवी आली. मोटार पहिल्याच दाबाला उभी राहिली, आणि चालक मात्र सवयीने दुसरा पंप मारून मोकळा झाला.

ज्या वाचकांचा संसार घाटाखाली जायचा असेल त्यांना माझी विनंती इतकीच, की भाडे ठरवण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने एकदा चालकाच्या जागी बसावे, इंजिन चालू ठेवून पायडल दाबून धरावे, मनात तीसपर्यंत आकडे मोजावेत, आणि पाय खाली जाऊ लागला तर भाडे कितीही स्वस्त असले तरी गाडीतून उतरावे.