समांतर सर

आमच्या निपाणीत सरांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. गावाला ते 'समांतर सर'. बँक, रेल्वे, पोलीस भरतीच्या पोरांना ते रिझनिंग शिकवतात आणि त्यातही जीव समांतर तर्काच्या प्रश्नांवर. वर एक युक्तिवाद, खाली चार पर्याय; त्याच घडणीचा कुठला, ते ओळखायचं. 'विषय बघू नका, सांगाडा बघा,' हे त्यांचं ब्रीद.

जुन्या न्यायशास्त्रात धूर तिथं विस्तव, आणि उदाहरणाला स्वयंपाकघर. तंबाखूच्या आमच्या गावात सरांनी स्वयंपाकघर काढून विडी घातली. पोरांना एका झुरक्यात समजलं.

घरीही सुटका नाही. वहिनी म्हणाल्या, "शेजारणीनं फ्रीज घेतला, आपणही घेऊया."

"शेजाऱ्यानं अपेंडिक्स काढलं, आपणही काढूया. सांगाडा तोच हाय बघ!"

"असू दे. सांगाड्याला चहा लागत न्हाई," म्हणत वहिनींनी कप उचलून नेला.

मग सर स्टँडमागच्या टपरीवर. तिथं 1956 पासून चाललेला सीमावाद रोज सकाळी नव्यानं उकळतो. एक दिवस कुणीतरी ठासून म्हणालं, "महाजन अहवाल लागू झालाच की वो!" सरांनी बशी खाली ठेवली. "1967 च्या त्या अहवालात बेळगाव कर्नाटकात, पण निपाणी महाराष्ट्रात. बरोबर? लागू झाला असता तर निपाणी तिकडं गेली असती. निपाणी गेली न्हाई. म्हणजे लागू झाला न्हाई. आता समांतर सांगा."

टपरीवाला फडकं पिळत म्हणाला, "पाऊस पडला असता तर रस्ता ओला असता. रस्ता कोरडा. म्हणजे पाऊस न्हाई."

"शाब्बास! पण उलटं चालत न्हाई हां. रस्ता ओला म्हणजे पाऊसच पडला असं न्हवं. टँकर गळत गेला असंल!"

त्या दिवशी टपरीवर पहिल्यांदाच दोन्ही बाजू गप्प झाल्या. चहाचे पैसे मात्र कुणी द्यायचे, यावर वाद पुन्हा सुरू झाला.

निकालाच्या मोसमात सरांच्या दारावर फ्लेक्स लागला. मधोमध बँकेत लागलेल्या एका पोराचा हसरा फोटो. तो पोरगाच पेढे घेऊन आला आणि फ्लेक्सखाली थबकला.

"सर, मी तुमच्या क्लासला कधी आलो?"

"माझ्याकडं शिकलेला पास होतोय. तू पास झालास. म्हणजे माझ्याकडंच शिकलास!"

पोरानं पेढ्यांचा पुडा सरांच्या हातात ठेवला. "सर, मी बेळगावात शिकलो. तुमच्या रस्त्यावर टँकर गळलाय."

सरांनी एक पेढा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "सांगाडा अचूक पकडलास. उद्यापासनं शिकवायला ये."

फ्लेक्स अजून तिथंच आहे. फक्त फोटोखाली 'विद्यार्थी' खोडून 'शिक्षक' केलंय.