चार सिंहगडांची एक बादली

विजेचं बिल हातात आलं की माणूस आधी तळाचा आकडा बघतो, मग कपाळाला हात लावतो आणि मग घरातल्या सगळ्यांना उद्देशून ‘खोलीतून बाहेर पडताना पंखे बंद करत जा रे’ म्हणतो. स्थिर आकार, वहन आकार या ओळी कोणी वाचत नाही, आणि वाचल्या तरी संशय वाढण्यापलीकडे काही होत नाही. मधे कुठेतरी ‘युनिट’चा रकाना असतो. त्याच्याशी इतक्या वर्षांची ओळख, पण हे युनिट असतं केवढं, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

पुस्तकी उत्तर सोपं आहे. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की झालं एक युनिट. पण याने अंगाला काही लागत नाही. अंगाला लावायचं तर माणूसच मोजायला घ्यावा.

सत्तर किलोचा इसम घ्या. आतकरवाडीकडून सिंहगड चढायचा म्हणजे उंची साधारण ६०० मीटर. धाप लागणं, उतरणाऱ्यांना ‘अजून किती राहिलं हो?’ विचारणं, त्यांनी ‘हे काय, आलंच’ असं धादांत खोटं सांगणं, हे सगळं होऊन गृहस्थांनी आपलं धूड वर नेलं. एवढ्या पराक्रमाचं काम भरतं ०.११ युनिट. शरीराने आतल्या आत उष्णतेत उधळलं ते वेगळं. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही यांच्या रूपाने अर्ध्या-पाऊण युनिटाची भर पडते, त्यामुळे या व्यवहारात गडी फायद्यातच उतरतो.

आता घरी चला. २० लिटरची बादली, नळाचं पाणी २२ अंशांचं, आपल्याला हवं ४२ अंशांचं. लागतात ०.४६ युनिट. म्हणजे आंघोळीच्या एका बादलीला चार सिंहगड! डिसेंबरात ‘अजून अर्धी घेतो’ म्हणणारा माणूस बाथरूमचं दार लावून आणखी दोन गड चढवून घेत असतो, आणि वर गाणंही म्हणतो.

दिवसभर कुदळ चालवणारा धडधाकट मजूर आठ तासांत ०.६ युनिटाच्या आसपास काम करतो. दीड टनी एसीने मनावर घेतलं तर तासाभरात त्याहून जास्त फस्त करतो. (हे गणित ठेकेदारांच्या कानावर जाऊ नये.) आणि असं हे युनिट बहुतेक घरांत अजून वडापावापेक्षा स्वस्त आहे. आपण कुरकुर करतो ती नेमकी कशाबद्दल, असा प्रश्न पडतो खरा. पण बिल भरताना तो पडत नाही.

बंब होता तेव्हा ऊर्जा अशी गुपचूप येत नसे. नारळाची सोडणं, शेणी, ओलसर लाकडं, जे काय असेल ते आधी कोणीतरी वाहून आणलेलं असे. सोडणं नीट वाळलेली नसली तर आंघोळ करणाऱ्याआधी पेटवणाऱ्याचे डोळे धुऊन निघत. शिवाय बंबाचा एक कडक कायदा होता: जितकं गरम पाणी काढाल तितकं गार वरून ओता. न ओतता पसार होणाऱ्याचा उद्धार पुढचा माणूस मोरीतून मोठ्याने करी. गीझरच्या राज्यात हा गुन्हाच उरला नाही. पाणी आपोआप भरतं, आणि कोणी काय ओतलं याची चौकशी होत नाही.

ओततं मात्र कोणीतरी. कोयनेचं उदाहरण घ्या. शिवाजीसागराचं पाणी खरं म्हणजे नदीबरोबर पूर्वेला जायचं. आपण त्याला सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली पोफळीकडे सोडलं. काम झालं की ते वाशिष्ठीत जातं, चिपळूणला. सगळे टप्पे मिळून प्रकल्प १९६० मेगावॅटचा. ऐकायला भव्य वाटतं, पण गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की हाती लागतं सव्वा युनिट, तेही यंत्रांनी आपली दलाली कापून घेण्याआधी. म्हणजे माझी एक बादली गरम व्हायची तर कोयनेच्या अठरा-वीस बादल्यांनी कड्यावरून उडी घ्यायची.

वीज चंद्रपूरची असेल तर हिशेब कोळशात होतो. युनिटाला अर्धा-पाऊण किलो. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. डायनासोर जन्मायचे होते त्या काळच्या झाडांनी साठवलेलं ऊन. इतकं मुरलेलं ऊन आपण पाठ शेकायला वापरतो. अरबी समुद्राचं पाणी उचलून महाबळेश्वर-कोयनेवर ओतणारा सूर्यच, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणाराही सरतेशेवटी तोच. पावसाळ्यात तो स्वतः तोंड दाखवत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत तिथला वारा सर्वांत जोरात असतो. रजेवर जाताना बदली माणूस देऊन जाणारा असा कामगार विरळाच. सगळंच श्रेय मात्र त्याला देऊ नये. १९६९मध्ये सुरू झालेल्या तारापूरचं युरेनियम आपल्या सूर्याआधी मरून गेलेल्या ताऱ्यांनी घडवलेलं आहे.

अलीकडे छपरांवर पॅनेल आली, तशी उन्हाशी माणसाची थेट देवघेव सुरू झाली. आमच्या शेजारच्या काकांनी तीन किलोवॅटची बसवली, केंद्राचं ७८,००० रुपयांचं अनुदानही मिळवलं. महाराष्ट्रात किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे त्यांना बारा मिळायला हवीत. तेव्हापासून काका आभाळाकडे सावकाराच्या नजरेने बघतात. पूर्वी वळवाच्या पहिल्या सरीला भजी मागणारा हा रसिक माणूस आता ढग आला की मोबाइल काढतो आणि ‘गेलं, सातशेवर आलं’ म्हणतो. एप्रिल-मेवर त्यांची फार भिस्त होती. पण पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो; पंचवीस अंशांच्या वर पॅनेल जसजसं तापेल तशी त्याची ताकद दर अंशाला थोडी थोडी घटते. फेब्रुवारीच्या गार, निरभ्र दुपारी ते जितकं खुलतं तितकं मेच्या भट्टीत खुलत नाही. हे कळल्यावर काका उन्हाळ्यावरही नाराज झाले.

काकूंची तक्रार निराळी. गच्चीचा दक्षिणेकडचा, दिवसभर उन्हाचा भाग पिढीजात वाळवणाचा. कुरडया, सांडगे, उपासाचे पापड तिथे वाळायचे, आणि एका कडेला दादरा बांधलेली साखरांब्याची बरणी असायची. तो भाग पॅनेलनी घेतला. ‘माझे पापड त्याच उन्हावर वाळत होते ना? त्याला कोणी अनुदान नाही दिलं,’ असं त्या म्हणतात. याला उत्तर नाही. पडलेल्या उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा पॅनेल विजेत बदलतं. कुरडई तेच ऊन मधे कोणताही दलाल न घालता घेते.

पॅनेलवर धूळ बसली की उत्पादन उतरतं, म्हणून काका दर रविवारी उन्हं चढायच्या आत बादली आणि फडकं घेऊन तीन जिने चढतात. पुसून आले की ॲपवर फरक दाखवतात. ‘बघ, पाव युनिट वाढलं.’

‘आणि वर जाऊन आलात म्हणून दोनदा पोहे घेतलेत,’ काकू कढई घासत म्हणाल्या, ‘ते कुठल्या रकान्यात दिसतात?’

काकांनी ॲप पुन्हा उघडून पाहिलं.