नवख्या जंतूंसाठी घुसखोरीचे धडे

१. जागा हेरून ठेव. उमरगा-लोहाऱ्याकडचं शिवार उत्तम. सोयाबीनची खुरपणी चालू असते, पाय अनवाणी असतात. तू शेणातला जंतू, तेव्हा उकिरड्याकडेच्या बाभळीच्या काट्यावर नुसता बसून राहा. पाय आपणहून येतो.

२. आत गेल्या गेल्या अंगावरचं लायपोपॉलिसॅकराइडचं अस्तर उतरव. पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा पहारेकरी त्यालाच टपलेला असतो. काय म्हणतोस, त्याच्याशिवाय जगता येत नाही? अरेरे. मग राहू दे.

३. शेपूट तरी काप. तिच्यातलं फ्लॅजेलिन टीएलआर-५ ओळखतो. पोहणार कशानं, हे आम्हाला विचारू नको. आणि गिळला गेलास म्हणजे सुटलास असंही नाही. पेशीच्या आत डीएनए तपासायला टीएलआर-९ बसलाय.

४. नाव-गाव बदलायच्या भानगडीत पडू नको. तू कोण, कुठला, याच्याशी या पहाऱ्याला देणंघेणं नाही. जंतूंना ज्याच्यावाचून चालत नाही आणि माणसाच्या अंगात जे नसतं, तेवढंच तो बघतो. चार्ल्स जेनवेंनी हे १९८९ मध्ये नुसत्या तर्कानं मांडलं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलरनी उंदरांत टीएलआर-४ चं काम शोधलं आणि २०११ च्या नोबेलात वाटा मिळवला. तुला पकडण्यावर बक्षिसं आहेत बाळा, तुझ्यावर नाहीत.

५. उस्ताद हवाच असेल तर प्लेगचा जंतू धर. १९९३ च्या भूकंपात सास्तूर-किल्लारीचा पट्टा कोसळला. पडक्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले आणि १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामल्यात प्लेग निघाला, अशी सांगड तेव्हा अनेकांनी घातली. उस्तादाची करामत अशी: पिसवेच्या गार पोटात तो साधंच अस्तर घालतो, माणसाच्या ३७ अंशांत त्यातल्या चरबीच्या साखळ्या सहाच्या चार करतो. टीएलआर-४ ला तो मग धड दिसतच नाही. तुला जमणार नाही, पण बघून ठेव.

६. पाय लाल होऊन ठणकायला लागला, की तुझी वर्दी पोहोचली असं समज. नेमकं याच वेळी घरात कोणीतरी तेलात हळद गरम करून बांधतं, आणि दोन दिवसांनी सूज उतरली की सगळं श्रेय हळदीला जातं. मॅक्रोफेज पेशी यावर चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्या तोंडात तू असतोस.