डाव्या कोपऱ्यातला हात

‘बँड ऐकायला येतेस का?’ असं मी अंबरनाथच्या मावशीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, ‘मुलगी कुठली?’ आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. तो ऐकायला कुणी जात नाही, त्याच्यापुढे नाचायला जातात. ‘वरात नाही गं, टीव्हीवरचा. गोरेगावला, स्टुडिओत,’ म्हटल्यावर तिने फक्त कुठली साडी नेसू ते विचारलं.

2008-09 मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ चालू होतं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित या पाच जणांत वाटला गेला होता. बदलापूरच्या आमच्या इमारतीत एसएमएसच्या भानगडीवरून दुसरा मजला तिसऱ्याशी बोलत नव्हता. मी तेव्हापासून वादकांच्या पक्षाचा. कमलेश भडकमकरांचा इशारा, अमर ओकांची बासरी, सत्यजित प्रभूंचा सिंथेसायझर, अर्चिस लेल्यांचा तबला, निलेश परबांची ढोलकी. गाणारी मुलं बाद व्हायची, वादक कधीच बाद व्हायचे नाहीत. पक्ष निवडावा तर असा.

या पक्षाचे सभासद दोनच. दुसरे उल्हासनगरचे शेठ. चार नंबर कॅम्पात त्यांचं तयार कपड्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक भाव करत असताना ते काउंटरवर बोटांनी ठेका धरतात. त्यांच्याच ओळखीतून एका वाहिनीच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे चार पास आले. वाहिनीचं नाव सांगत नाही, पुन्हा पास लागले तर पंचाईत नको. ताफा जुना नव्हता, पण ढोलकीवर जे बसणार होते त्यांच्यासाठी आम्ही दोघं अनवाणी गेलो असतो.

पासासोबत सूचना होत्या. पांढरा नको, काळा नको, बारीक चौकटी तर अजिबात नकोत, कॅमेऱ्यात त्या नाचतात. माझं कपाट उघडून हिने जाहीर केलं की माझ्याकडे या तीन प्रकारांखेरीज काही नाही. शेठ म्हणाले, ‘साहेब, तुम्ही नुसते या. शर्ट मी आणतो.’

बदलापूर मुंबईच्या टोकापासून 68 किलोमीटर. आमची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी आमची, असा आमचा समज. प्रत्यक्षात उल्हासनगरची मंडळी त्याच गाडीने उलटी बदलापूरला येतात आणि न उतरता जागा धरून बसतात. मी चढलो तेव्हा शेठ खिडकीत होते, मांडीवर भलीमोठी पिशवी. मावशी अंबरनाथला चढली ती डब्यात भजन ऐन रंगात आलेलं असताना. झांजा, ढोलकी, सगळा सरंजाम. ‘हाच का तुमचा बँड?’ तिने विचारलं. दादरला गाडी बदलेपर्यंत तिला पटत नव्हतं की यापेक्षा चांगल्या गोष्टीसाठी आपण पुढे चाललोय.

स्टुडिओत पहिला तास आम्ही बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर काढला, दुसरा आत थंडीने कुडकुडत. मोबाइल दारातच काढून घेतले होते. मग कानात यंत्र घातलेला एक पोरगा पुढे आला आणि म्हणाला, ‘चला, टाळ्या देऊन टाका.’

कशाला टाळ्या? स्टेजवर तर एक जण झाडू मारत होता. पण पोराचं म्हणणं, आधी टाळ्या घेऊन ठेवायच्या असतात. साध्या टाळ्या, जोरदार टाळ्या, उभं राहून टाळ्या. मग ‘वा!’ म्हणून मान हलवणं, मग डोळे पुसणं. मावशीने डोळे पुसताना पदर असा काही लावला की पोरगा म्हणाला, ‘आजी, तुम्ही पहिल्या रांगेत या.’ आम्ही तिसऱ्या रांगेत राहिलो. मावशी तेव्हापासून आमच्याशी जरा वरच्या पट्टीत बोलते.

अखेर ढोलकीवाले आले आणि बसले ते थेट उंच स्पीकरच्या मागे. आम्हाला त्यांचा डावा खांदा दिसत होता. शेठ खुर्चीतून इतके वाकले की लांब दांड्यावरचा कॅमेरा त्यांच्या टकलाला चाटून गेला. पहिलं गाणं तीनदा झालं. एकदा गायिकेचा सूर हलला, एकदा सूत्रसंचालकाची जीभ, एकदा कुणाचा तरी माइक. ढोलकी तिन्ही वेळा तीच, तितकीच ताजी, एक बोट इकडचं तिकडे नाही. त्या सेटवर दुसऱ्यांदा करायला न लागलेलं काम तेवढं एकच होतं, आणि ते तिसऱ्यांदा चाललं होतं.

मग जेवणाची पाकिटं आली, आणि पोरगा म्हणाला, ‘आता पुढचा भाग. सगळ्यांनी जागा बदला, कपडे बदलता आले तर बदला. तो वेगळ्या दिवशीचा दिसला पाहिजे.’ प्रेक्षक एकमेकांकडे बघू लागले. शेठनी शांतपणे पिशवी उघडली. सहा शर्ट. एक मला, एक स्वतःला, उरलेले चार त्यांनी पाचव्या रांगेत विकले. भाव पाडून मागणाऱ्याला म्हणाले, ‘दादा, टीव्हीवर दिसणार आहात.’

शेवटच्या गाण्यात ढोलकीचा मोठा तुकडा होता. त्यासाठीच आम्ही आलो होतो. पण तयारीला उशीर होत गेला, घड्याळ पुढे सरकत गेलं आणि दादरहून शेवटची कर्जत गाठायची होती. आम्ही हळूच निघालो. मावशी निघेना, तिला पहिली रांग सोडवत नव्हती.

पुढच्या महिन्यात तो भाग लागला. इमारतीतले दोन्ही मजले आमच्याकडे जमले. शेवटचं गाणं झालं, ढोलकीचा तुकडा झाला आणि पडद्यावर आम्ही उभे राहून टाळ्या वाजवताना दिसलो. शेठच्या डोळ्यांत पाणी. त्या वेळी आम्ही डोंबिवलीच्या पुढे होतो.

तो भाग पुन्हा लागला तर कृपा करून आमच्याकडे बघू नका. गायिका लांब सूर लावते तेव्हा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघा. अर्धाच हात दिसतो. तो ढोलकीवाल्यांचा.